सबवूफरच्या सिरीजमध्ये कंडेन्सर लावला आणि बास एकसुरी झाला, कुठे चुकलं?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

मंडळी, पंधरा दिवस डोकं पिकलंय म्हणून शेवटी धागा काढतोय.

डोंबिवलीच्या घरात बारा इंची वूफरचा बंद खोका केला आहे. बंद म्हणजे पोर्ट-बिर्ट (हवेचं भोक) काही नाही, चारी बाजूंनी सील. खोका किती मोठा करायचा हे मी नाही, सोफ्याने ठरवलं. "सोफा आणि भिंतीच्या मधे मावेल तेवढंच काय ते कर, हॉलमध्ये कपाट नकोय मला," असा हिचा आदेश होता. त्यामुळे खोका वूफरच्या मानाने लहान झाला. वर शंभर वॅटचा मोनो अँप्लिफायर, तोही जुनाच.

त्रास दोन. एक, पन्नास हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो. डग्गा ऐकला की बोल कमी आणि भुम्म जास्त. दुसरा, सिनेमा लावला की ऐकू काहीच येत नाही पण कोन मात्र पुढे-मागे असा हलतो की बघवत नाही.

वाचलं की वूफरच्या सिरीजमध्ये कंडेन्सर (कपॅसिटर) टाकला की खालचं निरुपयोगी हलणं थांबतं. सूत्र लावलं: ८ ओहम, २० हर्ट्झ, उत्तर हजार एमएफडीच्या (मायक्रोफॅरड) आसपास. दुकानात गेलो तर म्हणाला, "एवढा मोठा नॉन-पोलर (अधिक-उणे टोक नसलेला) नाही येत. हा दोनशेवीस घ्या, काम तेच करतो." घेतला, लावला.

आता आवाज एकूण बसला आहे आणि जो उरलाय तो एकाच सुराचा आहे. डग्ग्यावरची मींड गेली, कोणी कुठेही थाप मारली तरी तोच एक "हुम्म". म्हणजे रोग बरा व्हायच्या ऐवजी दुप्पट. नक्की काय झालं?

---

कुर्ल्याचा_कावळा

माझ्या मावसभावाने गाडीत एक फॅरडचा टाकलाय. डालडाच्या डब्याएवढा, वर निळे आकडे चमकतात. तू २२० मायक्रो काय घेऊन बसलास? एक फॅरड म्हणजे दहा लाख मायक्रो. तोच लाव.

---

मंद्रसप्तक

कावळेबुवा, थांबा. गाडीतला डबा वेगळ्याच कामाचा असतो, तो स्पीकरच्या वायरीत नसतोच. तो बॅटरीच्या १२ व्होल्टवर आडवा (समांतर) जोडतात, बासच्या धक्क्याला व्होल्टेज पडू नये म्हणून. त्याचाही हिशोब बघा: एक फॅरड १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना जेमतेम ३२ ज्यूल देतो. हजार वॅटच्या ओढीला ते ०.०३ सेकंद पुरतात. निळे आकडे मात्र छान दिसतात, ते कबूल.

खर्जप्रेमी, तुमचा प्रश्न खरा आहे आणि उत्तर मजेशीर आहे. पण आधी मोजमाप हवं. आकड्यांशिवाय या विषयात बोलणं म्हणजे नाडी न बघता काढा देणं. घरी मल्टिमीटर असेल तर एवढं करा:

अँप्लिफायर आणि वूफरच्या मधे १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका (पाव वॅटचा चालेल). कंडेन्सर काढून ठेवा. मोबाईलवर टोन जनरेटर घ्या, अँप्लिफायरच्या टोकांवर १० व्होल्ट एसी येईल इतका आवाज ठेवा. मग वूफरच्या टोकांवर मीटर लावून मिलिव्होल्ट वाचा. करंट साधारण १० मिलिअँपिअरच राहतो, म्हणून दर १० मिलिव्होल्ट म्हणजे एक ओहम. फ्रिक्वेन्सी बदलली की दहा व्होल्ट पुन्हा तपासायचे, कारण तुमच्या अँप्लिफायरच्या अलीकडचा फिल्टर प्रत्येक वेळी वेगळं देईल. स्वस्त मीटर चाळीस हर्ट्झच्या खाली एसी नीट वाचतोच असं नाही, जमलं तर चांगला मीटर कोणाकडून तरी मागून आणा.

आणि हो, नुसत्या वूफरचा डीसी ओहम पण लिहा.

---

एक_सामान्य_श्रोता

वाचनखूण साठवली. मला काहीच कळत नाही पण वाचायला मजा येतेय.

---

खर्जप्रेमी

काका, ऑफिसातल्या मित्राचा चांगला मीटर आणला. काल रात्री सगळे झोपल्यावर बसलो. डीसी ५.६ ओहम.

२० हर्ट्झ: ६५ मिलिव्होल्ट
३० हर्ट्झ: ९८
४० हर्ट्झ: २५० (!)
५० हर्ट्झ: ११५
६० हर्ट्झ: ८०

चाळीसला मीटर चुकलाय असं वाटून तीनदा मोजलं. ८ ओहमचा वूफर आहे ना हा? २५ ओहम कुठून आले?

---

मंद्रसप्तक

मीटर बरोबर आहे. पाठीवर छापलेलं "८ ओहम" हे लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखं असतं, साधारण अंदाज.

आता शांतपणे वाचा. वूफरची कॉइल चुंबकात हलते, म्हणजे ती जनित्रही असते. हलली की उलट व्होल्टेज तयार करते. कोनचं वजन, त्याच्या सस्पेन्शनची आणि खोक्यातल्या हवेची स्प्रिंग, या दोघांची जी नैसर्गिक झुल असते त्या फ्रिक्वेन्सीला कोन अगदी थोड्या करंटमध्ये भरपूर हलतो, उलट व्होल्टेज मोठं होतं आणि अँप्लिफायरला वाटतं की पलीकडे मोठा रेझिस्टर आहे. तुमच्या खोक्याचा हा अनुनाद ४० हर्ट्झला आहे. २५ ओहमचं ते टेकाड म्हणजे तोच.

पुढची गोष्ट महत्त्वाची. विजेच्या बाजूने बघितलं तर स्प्रिंग ही इंडक्टरसारखी (तारेच्या वेटोळ्यासारखी) दिसते आणि वजन कपॅसिटरसारखं. म्हणजे टेकाडाच्या खाली (तुमच्याकडे ४० च्या खाली) वूफर इंडक्टिव्ह असतो, टेकाडाच्या वर कपॅसिटिव्ह. लाउडस्पीकरच्या यांत्रिक भागाला सर्किट समजून हिशोब करायची रीत जुनीच, पण खोक्यांसाठी ती नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात पद्धतशीर मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरीच्या सुरुवातीला ती पूर्ण केली. आजही जगभर सगळे त्याच गणितावर खोके कापतात.

आता एक काम करा: ११९ मिलिव्होल्ट (म्हणजे ११.९ ओहम) कुठे-कुठे येतात ते टेकाडाच्या दोन्ही अंगांना शोधा. हे ११.९ कुठून आलं: टेकाड भागिले डीसी म्हणजे २५.५ / ५.६ = ४.५५, त्याचं वर्गमूळ २.१३, गुणिले ५.६. (टेकाड २५.५ धरलंय, कारण १ किलोओहममुळे शेंड्यावर करंट किंचित पडतो.)

---

खर्जप्रेमी

३२.४ आणि ४९.५.

---

मंद्रसप्तक

दोघांमधलं अंतर १७. मग ४० गुणिले २.१३ भागिले १७, यांत्रिक क्यू (अनुनाद किती टोकदार ते) साधारण ५. तो ४.५५ ने भागला की एकूण क्यू १.१. हा क्यूटीसी.

०.७ असता तर खोका सपाट वाजला असता. १.१ म्हणजे ५२ हर्ट्झच्या आसपास जवळजवळ १.८ डेसिबलचा फुगवटा आणि ३० ला ३ डेसिबलहून जास्त घसरण. तुमचा भुम्म तोच. सोफ्याने केलेली ही चूक आहे, तुमची नाही.

आता २२० चं काय झालं ते. तुम्ही सूत्रात ८ ओहम स्थिर धरले. वूफर स्थिर नाही. ३० ला २२० एमएफडीचा अडथळा २४ ओहम, ५० ला साडेचौदा, आणि तिथे वूफर स्वतः १० ते १२ ओहम. म्हणजे निम्म्याहून जास्त व्होल्टेज कंडेन्सरच गिळतो. पण ४० ला वूफर २५ ओहम असतो, तिथे कंडेन्सरचं फारसं काही चालत नाही. बेरीज मांडली तर ३०, ५०, ६०, ८० सगळीकडे ६ ते ७ डेसिबल गेले आणि ४० ला फक्त १.८. सगळा गाव बसला आणि एकटा चाळीस उभा राहिला. हाच तुमचा "हुम्म".

दुकानदाराचं "काम तेच करतो" हे वाक्य फ्रेम करून लावा.

---

कथीलवाला

काका दंडवत. मला वीस वर्षं वाटत होतं की सिरीज कंडेन्सर म्हणजे फक्त ट्विटरसाठी (बारीक आवाजाच्या स्पीकरसाठी).

अवांतर: आपण सगळ्यांनी लहानपणी सिरीज कंडेन्सरमधूनच बास ऐकलाय. सिंगल सप्लायवर असेंबल केलेला टीडीए२०३० चिपचा अँप्लिफायर आठवतो का? आउटपुटला २२०० एमएफडीचा निळा डबा आणि मग स्पीकर. एलएम३८६ चिपच्या छोट्या रेडिओ किटमध्ये २५०. तेव्हा कोणी म्हणालं नाही की हा फिल्टर आहे, डीसी अडवायला आहे एवढंच माहीत.

---

मंद्रसप्तक

बरोबर, आणि त्यातल्या काहींचा बास "गोड" का वाटायचा याचं उत्तर या धाग्यातच मिळेल.

---

म्युनिकर

इकडे जर्मनीत घरी स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये हा प्रकार अगदी रुळलेला आहे. "गेश्लॉसन मिट होखपास", म्हणजे बंद खोका अधिक हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर), लघुरूप जीएचपी. मुद्दाम लहान खोका करतात, क्यूटीसी एकच्या वर नेतात आणि मग मोठा कंडेन्सर सिरीजमध्ये टाकून वक्र सरळ करतात. म्हणजे खर्जप्रेमींनी चुकून जो खोका केला तो इथे लोक ठरवून करतात. फक्त कंडेन्सर हवा शेकड्यांत नाही, हजार एमएफडीच्या आसपास.

---

शेतीपंप

मी तासगावकडचा, पंपांची कामं करतो. स्पीकरचं कळत नाही पण ही गोष्ट ओळखीची वाटली. मोटर इंडक्टिव्ह, म्हणून महावितरण शेतकऱ्यांना सांगतं कपॅसिटर बसवा. मोटरचा इंडक्टिव्ह करंट कपॅसिटर जागेवरच भागवतो, लाईनवर भार कमी. तुम्ही पण तेच करताय का? वूफर ४० च्या खाली इंडक्टिव्ह, तुम्ही कपॅसिटरने ते कापताय?

---

मंद्रसप्तक

शेतीपंप, शंभर टक्के. फरक इतकाच की तुम्ही आडवा जोडता आणि आम्ही सिरीजमध्ये. आडवा जोडला की लाईनचा करंट कमी होतो, सिरीजमध्ये जोडला की वाढतो. आणि इथे तो वाढायलाच हवा आहे.

खर्जप्रेमींच्या आकड्यांवर १००० एमएफडी ठेवून ३० हर्ट्झचा हिशोब: वूफर ७.७ ओहम रेझिस्टिव्ह आणि ६.१ ओहम इंडक्टिव्ह, एकत्र ९.८. कंडेन्सर ५.३ ओहम उलट दिशेचा. इंडक्टिव्ह भाग जवळजवळ पुसला जातो, अँप्लिफायरला उरतात ७.७ ओहम. करंट वाढला, पण वूफर स्वतः अजून ९.८ च आहे. म्हणून वूफरच्या टोकांवर अँप्लिफायरच्या व्होल्टेजपेक्षा २७ टक्के जास्त व्होल्टेज येतं. दोन डेसिबलची बढती.

आणि ५०-६० ला, जिथे फुगवटा आहे तिथे, वूफर आणि कंडेन्सर दोघेही एकाच बाजूचे. तिथे दीड-पावणेदोन डेसिबल कमी होतात. ४० ला काहीच नाही. २० ला पावणेदोन कमी, १० ला जवळजवळ ९ कमी.

कंडेन्सर एक, आणि त्याने फुगवटा कापला, खाली थोडं भरलं आणि न ऐकू येणारं हलणं दाबलं. आधी ३० ते १०० मध्ये पाच डेसिबलचा चढ-उतार होता, तो दोनच्या आत येईल. फार खोल बास मिळेल अशी आशा ठेवू नका. ३ डेसिबलची मर्यादा ३० वरून २८ च्या आसपास जाते, एवढंच.

---

दोन_शून्य

दोन डेसिबल फुकट? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम डोंबिवलीला लागू नाही का?

---

मंद्रसप्तक

फुकट नाही. ३० ला पूर्ण २८.३ व्होल्ट दिले तर आधी २.९ अँपिअर जात होते, आता ३.७ जातील. वूफरमध्ये ६४ वॅट जिरत होते तिथे १०३. बिल अँप्लिफायर भरतो.

पण कोणी घाबरू नका की इम्पीडन्स कोसळून अँप्लिफायर जळेल. सिरीज कंडेन्सर फक्त रिअ‍ॅक्टिव्ह (इंडक्टिव्ह किंवा कपॅसिटिव्ह) भाग पुसू शकतो. रेझिस्टिव्ह भाग तसाच राहतो आणि तो कॉइलच्या डीसी ओहमच्या खाली कधीच जात नाही. तुमच्याकडे ५.६ हा तळ, त्याखाली काही नाही.

खरी काळजी वेगळी: ३० ला कोनही २७ टक्के जास्त हलेल. वूफर आधीच शेवटच्या टोकाला वाजवत असाल तर तिथे ठेचकाळेल.

---

दोन_शून्य

ते ठीक. पण २०० ग्रॅम कंडेन्सर कशाला? छोटा डीएसपी (डिजिटल प्रोसेसर) बोर्ड घ्या, लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म (खोक्याचा अनुनाद आणि क्यू बदलून देणारा फिल्टर) टाका, ४० हर्ट्झ आणि १.१ चे २५ आणि ०.७ करा. पाच मिनिटांचं काम. शिवाय सिरीज कंडेन्सरने डॅम्पिंग फॅक्टरची (कोनवरच्या अँप्लिफायरच्या पकडीची) वाट लागते.

---

मंद्रसप्तक

डीएसपी असेल तर तोच वापरा, यात वाद नाही. मी स्वतः माझ्याकडे तेच केलंय. पण २५ पर्यंत सपाट करायला खाली ८-९ डेसिबलची बढती द्यावी लागते, म्हणजे सातपट वॅट. शंभर वॅटच्या अँप्लिफायरला ते झेपणार नाही. आणि १० हर्ट्झला कोन मोकाट सुटतो तो सुटतोच, वर वेगळा हायपास लागतो.

डॅम्पिंगचं म्हणाल तर हो, बदलतं. बदलावं म्हणूनच लावतोय. ग्रुप डिलेही (खालच्या सुरांना होणारा उशीर) थोडा वाढतो. घरात, सोफ्याशेजारी, मला तो ऐकू आलेला नाही. तुम्हाला येत असेल तर कानांना नमस्कार.

---

खर्जप्रेमी

काका, इतकं कळलं की रडू आलं. एक प्रश्न: कंडेन्सर सिरीजमध्ये न लावता टेकाडच सपाट करता येत नाही का? आडवं काहीतरी जोडून?

---

मंद्रसप्तक

येतं. वूफरला आडवी रेझिस्टर-इंडक्टर-कपॅसिटरची साखळी. तुमच्या आकड्यांना कपॅसिटर ५०० एमएफडी, रेझिस्टर ७ ओहम आणि इंडक्टर... ३१ मिलिहेन्री. एवढा इंडक्टर गुंडाळायला बसलात तर गणपतीत सुरू करून दिवाळीला उठाल. आणि त्याने टेकाड फक्त अँप्लिफायरच्या नजरेतून सपाट होतं, आवाजात काडीचाही फरक नाही. पॅसिव्ह क्रॉसओव्हर ४०-५० ला असेल तरच त्याचा उपयोग. वरच्या बाजूला कॉइलच्या इंडक्टन्सने इम्पीडन्स चढतो, त्यासाठी ७ ओहम आणि ३० एमएफडीचा झोबेल (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावतात, पण सबवूफरला तोही नको.

---

कथीलवाला

आता जिनसा. १००० चा नॉन-पोलर सहज मिळत नाही हे खरं. लोक दोन २२०० पोलर उलटे जोडतात, ऋण टोकाला ऋण, म्हणजे ११००. चालतं, पण मी घरच्या सेटला तसं करत नाही. ३.७ अँपिअर सलग त्यातून जायचे म्हणजे रिपल रेटिंग (किती एसी करंट सोसतो ते) बघावं लागतं, आणि रस्त्यावरच्या मालावर ते छापलेलं असतं पण खरं असतंच असं नाही. गरम व्हायला लागले की मग फुगतात.

क्रॉसओव्हरवाले १०० एमएफडी १०० व्होल्टचे नॉन-पोलर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतात. दहा समांतर जोडा. प्रत्येकाच्या वाट्याला ०.३७ अँपिअर, गार राहतात. पंपाचे स्टार्टिंग कंडेन्सर मात्र घेऊ नका. ते काही सेकंदांसाठीच बनवलेले असतात.

---

शेतीपंप

हे बरोबर. स्टार्टिंगचा कंडेन्सर लाईनीत राहिला की फटाका होतो. आमच्याकडे भिंतीवर डाग आहेत.

---

ढोलताशा_नाही_डीजे

आमच्या मंडळाच्या बेसना हे चालेल का? अठरा इंची, पोर्टवाले, ४ ओहम, हजार वॅट.

---

मंद्रसप्तक

नाही. पोर्टवाल्या खोक्याला दोन टेकाडं असतात, गणित वेगळं. आणि ४ ओहमला हजार वॅट म्हणजे १६ अँपिअर, तेवढे कंडेन्सर बांधायला आणखी एक ट्रॉली लागेल. तुमच्या प्रोसेसरमध्ये हायपास असतो, तो पोर्टच्या ट्यूनिंगच्या जरा खाली लावा. पोर्टच्या खाली कोनला हवेचा आधारच राहत नाही, तिथेच तुमचे कोन फाटतात.

---

खर्जप्रेमी

अपडेट. लॅमिंग्टन रोडहून दहा नग आणले. उरलेल्या प्लायच्या तुकड्यावर दोन रांगांत चिकटवले, वरून जाड तांब्याच्या तारेच्या दोन पट्ट्या, प्रत्येक पाय कथीलाने नीट भरला. ही येऊन बघून गेली, म्हणाली बॉम्ब आहे का.

आधी मोजलं, मग ऐकलं. सिरीजमध्ये कंडेन्सर आणि वूफर मिळून, ३० हर्ट्झला ७८ मिलिव्होल्ट. काकांनी ७.७ ओहम सांगितले होते. मी मीटरकडे बघून एकटाच हसलो.

मग डग्गा. मींड परत आली. खरंच आली. थाप कुठे पडली ते कळतं, आणि खोका कुठे आहे ते कळत नाही. सिनेमाचा तोच प्रसंग लावला, कोन अजूनही हलतो पण वेड्यासारखा नाही. एकूण आवाज आधीपेक्षा किंचित बसल्यासारखा वाटतो, तो फुगवटा गेल्यामुळे असावा.

---

कुर्ल्याचा_कावळा

तो २२० चा काय केला? समांतर टाक, १२२० होतील, अजून बास.

---

मंद्रसप्तक

कावळेबुवा, तसं नसतं, वाढवलं की परिणाम कमी होत जातो. फुगवटा कमी कापला जातो आणि खालची पकडही सुटते. पण मुद्दा निघालाय तर खर्जप्रेमी, तुमचे दहा मिळून खरे किती आहेत ते मोजलं का? या मालावर अधिक-उणे २० टक्के चालतं.

---

खर्जप्रेमी

मोजले. ९३०.

---

कथीलवाला

अकरावा लाव.

---

खर्जप्रेमी

दुकानदाराने हिशोब चुकून अकरा दिले होते, आजच पिशवीत सापडला. लावला. १,०२५. साडेबारा वाजले, शेजाऱ्यांनी भिंत ठोकायच्या आत बंद करतो.